वाळवंटातील संत अँथनी यांचे चरित्र कसे वाचावे

इजिप्तच्या वाळवंटात तप करणाऱ्या संत अँथनी यांच्याविषयी आज जे सांगितले जाते, त्यातले बहुतेक एकाच पुस्तकातून आलेले आहे. अँथनी इ.स. ३५६ मध्ये वारले आणि त्यानंतर थोड्याच काळात अलेक्झांड्रियाचे बिशप अथनेशिअस यांनी ग्रीक भाषेत त्यांचे चरित्र लिहिले. त्यात ९४ लहान प्रकरणे आहेत आणि ती सहज वाचून होतात. पुस्तकाची अडचण नेमकी इथेच आहे. सैतान, हिंस्र पशू, दृष्टांत आणि रोगमुक्ती यांच्या गर्दीतून वाचक भरभर पुढे जातो आणि शेवटी एक तर सगळे अक्षरशः खरे मानून मोकळा होतो किंवा सगळ्याच भाकडकथा म्हणून पुस्तक मिटतो. हे चरित्र कोणी, कोणत्या प्रसंगी आणि कशासाठी लिहिले हे ध्यानात ठेवून ते सावकाश वाचले, आणि अँथनींचा स्वतःचा आवाज जिथे ऐकू येतो ती साधने शेजारी उघडी ठेवली, तर या दोन्ही उतावळ्या निष्कर्षांपासून वाचक वाचतो.

वाचायला बसण्यापूर्वी डोळ्यांसमोरची चित्रे थोडी बाजूला सारावीत. हातात बाळ येशू घेतलेले संत अँथनी हे पदुआचे. ते फ्रान्सिस्कन संघाचे, ११९५ ते १२३१ या काळातले, आणि त्यांचा वाळवंटाशी संबंध नाही. आपले अँथनी त्यांच्या आधी सुमारे नऊ शतके होऊन गेले. त्यांचा सण १७ जानेवारीला येतो. त्यांच्या चित्रांत पायाशी डुक्कर, हातात घंटा आणि टी आकाराची काठी दिसते, पण ही तिन्ही चिन्हे अथनेशिअस यांच्या पुस्तकातली नव्हेत. ती मध्ययुगीन युरोपातली आहेत. फ्रान्समध्ये अकराव्या शतकाच्या अखेरीस अँथनींच्या नावाने रुग्णसेवा करणारा एक संघ उभा राहिला. राय धान्यावर पडणाऱ्या बुरशीमुळे हातपाय जळल्यासारखे होऊन झडत, त्या रोगाला लोक अँथनींची आग म्हणत आणि त्याचे रुग्ण या संघाच्या रुग्णालयांत येत. जर्मन चित्रकार ग्रुनेवाल्डने इसेनहाइमच्या वेदीसाठी १५१२ ते १५१६ च्या दरम्यान रंगवलेले, राक्षसांनी ओरबाडलेले अँथनी याच संघाच्या रुग्णालयासाठी होते. चित्र अप्रतिम आहे, पण चौथ्या शतकाचा पुरावा म्हणून ते वापरता येत नाही.

लेखकापासून सुरुवात करावी

पहिले काम म्हणजे अथनेशिअस यांच्या आयुष्याची चार ओळींची टिपणी करणे. ते ३२८ मध्ये बिशप झाले, ३७३ मध्ये वारले आणि मधल्या काळात पाच वेळा हद्दपार झाले किंवा त्यांना पळून जावे लागले. ख्रिस्त हा पित्याने निर्माण केलेला आहे, पित्याशी समतत्त्व नाही, अशी शिकवण देणाऱ्या एरियसच्या अनुयायांशी त्यांचा आयुष्यभर झगडा चालला. अँथनी गेले जानेवारी ३५६ मध्ये. फेब्रुवारी ३५६ मध्ये, रात्रीची प्रार्थना चालू असताना, सम्राट कॉन्स्टँशियसच्या सैनिकांनी अलेक्झांड्रियातल्या चर्चला वेढा घातला आणि अथनेशिअस निसटले. पुढची सहा वर्षे ते बऱ्याच अंशी इजिप्तच्या संन्याशांच्या आश्रयाने लपून राहिले, आणि हे चरित्र त्याच काळातले मानले जाते. लेखक फरारी आहे, त्याला आश्रय देणारे लोक संन्यासी आहेत आणि त्या संन्याशांचा आदर्श पुरुष नुकताच वारला आहे, एवढे कळले की पुस्तकातल्या अनेक जागा निराळ्या दिसू लागतात.

उदाहरणार्थ, मृत्युशय्येवरचा प्रसंग पाहावा. अँथनी आपल्या वस्तूंची वाटणी करतात: एक मेंढीचे कातडे आणि ज्यावर ते निजत ते वस्त्र अथनेशिअस यांना, दुसरे कातडे बिशप सेरापिओन यांना, आणि केसांचे खरखरीत वस्त्र सेवा करणाऱ्या दोन शिष्यांना. त्या वस्त्राबद्दल अँथनी म्हणतात की ते अथनेशिअस यांनीच नवे दिले होते आणि आपल्याजवळ ते जुने झाले. प्रसंग हृद्य आहे आणि खोटा असण्याचे काही कारण नाही. तरीही तो लिहिणारा स्वतःच त्या वस्त्राचा वारस आहे, आणि ज्याच्या धर्मपदावर राजसत्ता हक्क नाकारते आहे अशा बिशपला तपस्व्याचा वारसा मिळाल्याचे वाचकाला इथे सांगितले जात आहे. अशा जागी समासात खूण करावी. एरियसच्या अनुयायांना अँथनींनी डोंगरावरून हुसकावून लावल्याचा प्रसंग, खेचरे वेदीला लाथा मारताहेत असा त्यांना पडलेला दृष्टांत, आणि अँथनींच्या पत्रावर थुंकणाऱ्या बालाशियस या सेनाधिकाऱ्याला एरवी गरीब असलेल्या घोड्याने चावून मारल्याची हकीकत, या सगळ्यांपुढे तीच खूण येईल. खूण केली म्हणजे मजकूर खोटा ठरला असे समजू नये. इथे लेखकाचा हात अधिक जोरात चालला आहे, एवढीच ती नोंद.

प्रस्तावनाही टाळू नये. हे लेखन परदेशातल्या संन्याशांनी विचारणा केल्यावरून त्यांना पाठवलेल्या पत्राच्या रूपात आहे. समुद्रप्रवासाचा हंगाम संपत आला होता आणि पत्र नेणारा घाई करत होता, म्हणून अँथनींना जवळून ओळखणाऱ्यांना बोलावून अधिक माहिती घेणे जमले नाही, असे लेखक सांगतो. तरी पुस्तकाची बांधणी घाईत केल्यासारखी मुळीच वाटत नाही, हेही वाचकाने पाहून ठेवावे.

कालपट स्वतः मांडावा

अथनेशिअस सन देत नाहीत. ते वये आणि मुदती देतात. म्हणून एका कागदावर कालपट आखून घेतला तर मोठी सोय होते. मृत्यूच्या वेळी वय १०५ दिले आहे, त्यावरून जन्म सुमारे २५१ चा. आईवडील वारले तेव्हा अँथनी अठरा ते वीस वर्षांचे होते. गावाजवळच्या तपस्व्यांकडून शिकणे, मग गावापासून दूर थडग्यांत राहणे, मग पस्तिशीच्या सुमारास नाईलच्या पूर्वेकडच्या डोंगरातल्या पडक्या गढीत जाणे आणि तिथे वीस वर्षे दार लावून राहणे, असा क्रम लागतो. म्हणजे ते गढीबाहेर आले ते ३०५ च्या आसपास. ३११ मध्ये रोमन सम्राट मॅक्सिमिनसने केलेल्या ख्रिस्ती लोकांच्या छळाच्या वेळी ते अलेक्झांड्रियात उतरले आणि तुरुंगातल्या व खाणींतल्या ख्रिस्ती कैद्यांची सेवा करत राहिले. त्यानंतर ते तांबड्या समुद्राकडच्या आतल्या डोंगरात गेले आणि अखेरपर्यंत तेच त्यांचे ठिकाण राहिले. आजचा संत अँथनींचा कॉप्टिक, म्हणजे इजिप्ती ख्रिस्ती, मठ याच डोंगराच्या पायथ्याशी आहे आणि त्यांची म्हणून दाखवली जाणारी गुहा वर कड्यात आहे. ३३८ च्या सुमाराची अलेक्झांड्रियाची आणखी एक फेरी या पटावर बसते. पट तयार झाला की लक्षात येते की १०५ वर्षांच्या आयुष्यातली जवळजवळ पहिली पस्तीस वर्षे अँथनी गावाच्या हाकेच्या अंतरावरच होते.

ही गोष्ट बारकाईने पाहण्याजोगी आहे, कारण अँथनी हे पहिले ख्रिस्ती संन्यासी, असे विधान सरसकट केले जाते आणि ते खुद्द चरित्रातच टिकत नाही. शेजारच्या गावात तरुणपणापासून एकांतात राहणारा एक म्हातारा होता आणि अँथनींनी त्याला पाहून सुरुवात केली, असे अथनेशिअस स्पष्ट लिहितात. धाकट्या बहिणीला ओळखीच्या, विश्वासू कुमारिकांच्या हाती सोपवले, असेही लिहितात. म्हणजे स्त्रियांचे असे व्रतस्थ जीवन आधीपासून चालू होते. चरित्राबाहेरचाही एक पुरावा आहे. करानिस गावच्या आयसिडोरस नावाच्या शेतकऱ्याने ३२४ मध्ये केलेली तक्रार पपायरसवर, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या कागदावर, शिल्लक आहे: शेजाऱ्यांची गाय शेतात शिरली, ती धरून नेत असताना त्यांनी दांडक्याने मारहाण केली, आणि डीकन (चर्चचा सेवाधिकारी) अँटोनायनस व संन्यासी आयझॅक मदतीला धावले नसते तर जीवच गेला असता. त्या काळचे संन्यासी गावच्या बांधावर दिसत, भांडणांत मध्ये पडत आणि त्याची कोणाला नवलाई वाटत नसे, हे त्या दोन ओळींतून जितके कळते तितके मोठ्या विवेचनातूनही कळत नाही.

संपत्तीच्या त्यागाचा प्रसंगही असाच थांबून वाचावा. चर्चमध्ये शुभवर्तमानातले, परिपूर्ण व्हायचे असेल तर असेल नसेल ते विकून गरिबांना दे, हे वचन कानी पडताच अँथनींनी सर्वस्व सोडले, असे आपण ऐकलेले असते. मजकुरात मात्र क्रम अधिक व्यवहारी आहे. वडिलोपार्जित ३०० अरूरा, म्हणजे सुमारे २०० एकर उत्तम जमीन त्यांनी गावकऱ्यांना देऊन टाकली, ती आपल्याला आणि बहिणीला पुढे उपद्रव होऊ नये म्हणून; जंगम मालमत्ता विकून पैसा गरिबांना दिला आणि बहिणीसाठी थोडा राखून ठेवला; पुढे उद्याची चिंता करू नका हे वचन ऐकल्यावर तोही दिला. रोमन इजिप्तमध्ये जमिनीबरोबर कर आणि गावकीच्या जबाबदाऱ्या चिकटून येत, हे माहीत असले की उपद्रव या शब्दाचा अर्थ उलगडतो. बहीण पुस्तकातून बराच काळ नाहीशी होते आणि ५४ व्या प्रकरणात, वृद्ध आणि इतर कुमारिकांची प्रमुख झालेली, पुन्हा भेटते. तिचे नाव मात्र दिलेले नाही.

सैतानांचे काय करावे

नव्या वाचकाची खरी अडखळण इथे होते. थडग्यात राहत असताना अँथनींना सैतानांनी इतके मारले की ते निपचित पडले. मित्राने उचलून गावच्या चर्चमध्ये आणले, तर मध्यरात्री शुद्धीवर येऊन, सगळे झोपले असताना, ते त्या मित्राला खुणेने बोलावून म्हणाले की मला परत तिथेच ने. पुन्हा सिंह, अस्वल, बिबट्या, बैल, साप, विंचू, लांडगे यांची रूपे चालून आली. शेवटी छतातून प्रकाशाची तिरीप उतरली तेव्हा अँथनींनी विचारले की इतका वेळ कुठे होतास. उत्तर आले की इथेच होतो, तुझी झुंज पाहत होतो. या प्रकरणांवरच चित्रकारांनी शतकानुशतके पोट भरले आहे, आणि बहुतेक वाचकांच्या लक्षात तेवढेच राहते.

त्यांनी १६ ते ४३ या प्रकरणांतले लांबलचक प्रवचन वगळलेले असते. पुस्तकाचा चौथाईहून अधिक भाग व्यापणारे हे प्रवचन कंटाळवाणे आहे, हे खरे. तरीही ते वगळू नये, कारण सैतानांकडे कसे पाहायचे हे अँथनींच्या तोंडून तिथेच येते आणि ते भयकथेच्या अगदी उलट आहे. सैतान भविष्य सांगतात म्हणून लोक भारावतात, त्यावरचे त्यांचे उत्तर पाहावे: कोणी तुमच्याकडे यायला निघालेला सैतानांना दिसतो आणि ते हलके असल्याने आधी पळत येऊन सांगतात, इथिओपियात पाऊस पडलेला पाहून नाईलला पूर येणार असे कळवतात, यात भविष्यज्ञान कसले, धावता येणारा कोणीही हे करील. पुढे दृष्टांत पारखण्याची कसोटी येते. चांगल्या दर्शनाने मन शांत होते, आनंद आणि धीर येतो. वाईटाने गोंगाट, घालमेल, उदासी, सोडून आलेल्या आप्तांची ओढ आणि साधनेचा कंटाळा येतो. समोर काही दिसले तर घाबरून न जाता, तू कोण आणि कुठून आलास, हा प्रश्न आधी विचारावा. हे वाचून झाल्यावर मागे जाऊन थडग्याची प्रकरणे पुन्हा वाचावीत. त्यातला भडकपणा कमी होत नाही, पण तो कशासाठी आहे हे कळते.

सैतान खरे होते की मनाचे खेळ होते, हा प्रश्न वाचताना लगेच सोडवण्याची गरज नाही. अँथनींच्या काळातल्या इजिप्तमध्ये ख्रिस्ती, यहुदी आणि मूर्तिपूजक या सगळ्यांनाच अदृश्य शक्ती खऱ्या वाटत, त्यामुळे पुस्तक त्यांचे अस्तित्व सिद्ध करत बसत नाही. त्यांच्यापुढे माणसाने कसे उभे राहावे एवढाच त्याचा विषय आहे.

शेजारी दोन साधने ठेवावीत

पहिले साधन म्हणजे अँथनींची सात पत्रे. लॅटिन ख्रिस्ती लेखक जेरोम यांनी चौथ्या शतकाच्या अखेरीस लिहिले की अँथनींनी इजिप्ती भाषेत निरनिराळ्या मठांना सात पत्रे पाठवली आणि ती ग्रीकमध्ये भाषांतरित झाली. त्या इजिप्ती भाषेतल्या, म्हणजे कॉप्टिकमधल्या, मूळ मजकुराचा थोडाच तुकडा उरला आहे. बाकी मजकूर जॉर्जियन, लॅटिन आणि अरबी भाषांतरांतून हाती येतो. पत्रे खुद्द अँथनींचीच आहेत, असे सॅम्युएल रुबेनसन यांनी १९९० मध्ये विस्ताराने मांडले आणि बऱ्याच अभ्यासकांनी ते स्वीकारले. पत्रे वाचताना धक्का बसतो, कारण चरित्रातले अँथनी अक्षरे शिकलेले नाहीत. तत्त्वज्ञांना ते विचारतात की आधी बुद्धी की आधी अक्षरे, आणि बुद्धी आधी हे कबूल करून घेऊन म्हणतात की जिची बुद्धी शाबूत आहे त्या व्यक्तीला अक्षरांची गरज नाही. पत्रांतले अँथनी मात्र अलेक्झांड्रियाचा तिसऱ्या शतकातला धर्मविचारक ओरिजेन याच्या विचारपरंपरेत मुरलेले दिसतात. स्वतःला ओळखा, असे पुन्हा पुन्हा सांगतात. सैतानांविषयी तर सहाव्या पत्रात ते म्हणतात की त्यांची शरीरे डोळ्यांना दिसत नाहीत, आपणच त्यांची शरीरे होतो. थडग्यातल्या सिंह-अस्वलांशेजारी हे वाक्य ठेवून पाहावे. अथनेशिअस यांना अशिक्षित अँथनी हवे होते, कारण देवाने शिकवलेला माणूस विद्वानांना निरुत्तर करतो हे त्यांना दाखवायचे होते. ७२ ते ८० ही वादविवादाची प्रकरणे याच हेतूने लिहिलेली आहेत आणि माझ्या मते ती चाळून पुढे गेले तरी चालते.

दुसरे साधन म्हणजे वाळवंटातल्या वडीलधाऱ्या तपस्व्यांच्या वचनांचा संग्रह. अकारविल्हे लावलेल्या संग्रहात अँथनींच्या नावावर ३८ वचने आहेत. ती तोंडी परंपरेतून पुढे लिहून काढलेली, म्हणून तीही निखळ नव्हेत. तुलना कशी करावी हे एका वचनावरून दाखवता येईल. चरित्राच्या ८५ व्या प्रकरणात एका सेनाधिकाऱ्याच्या आग्रहावरून अँथनी डोंगर उतरून येतात, चार शब्द सांगतात, आणि तो थांबवू लागल्यावर म्हणतात की मासे कोरड्या जमिनीवर राहिले तर मरतात, तसे संन्यासी तुमच्यात रेंगाळले तर ढिले पडतात. म्हणून मासा समुद्राकडे, तसे आम्ही डोंगराकडे धावले पाहिजे. वचनसंग्रहात माशांची हीच उपमा आहे, पण सेनाधिकारी नाही, डोंगर नाही. खोलीबाहेर वेळ घालवणाऱ्या संन्याशांना आतली शांतता गमावू नका म्हणून दिलेली ती ताकीद आहे. एकीकडे राजसत्तेच्या माणसापासून सुटका, दुसरीकडे गुरुबंधूंना कानपिचकी. कोणते रूप आधीचे हे ठरवण्याची घाई न करता दोन्ही उतारे समोरासमोर लिहून फरकाखाली रेघ ओढावी. चार-पाच वचनांवर हे केले की लेखकाचा कल आपोआप दिसू लागतो.

सम्राटाच्या पत्राचेही असेच आहे. चरित्रात कॉन्स्टंटाईन आणि त्याचे मुलगे अँथनींना लिहितात, आणि राजा लिहितो याचे नवल कसले, देवाने माणसांसाठी नियम लिहिला याचे नवल करा, असे ते सोबत्यांना सांगतात. वचनसंग्रहात बोलावणे कॉन्स्टँशियसचे आहे. जावे का, असे अँथनी शिष्य पॉल यांना विचारतात आणि उत्तर मिळते की गेलात तर नुसते अँथनी, न गेलात तर अब्बा, म्हणजे पितातुल्य गुरू, अँथनी. इथले अँथनी जाण्याच्या मोहात क्षणभर सापडले आहेत, आणि मला ते चरित्रातल्या अँथनींपेक्षा अधिक जवळचे वाटतात.

जेरोम यांनी लिहिलेली थीब्जच्या पॉलची (हा वरचा शिष्य पॉल नव्हे) कथा मात्र याच थाळीत वाढू नये. त्यात नव्वदीचे अँथनी ११३ वर्षांच्या पॉलला भेटायला जातात, वाटेत नराश्व भेटतो, कावळा अख्खी भाकर आणतो आणि दोन सिंह थडगे खणतात. अथनेशिअस यांना यातले काहीच ठाऊक नाही. कथा स्वतंत्रपणे वाचावी, सुरेख आहे.

वाचताना काय टिपावे

चमत्कारांच्या याद्या करण्यापेक्षा दिनक्रम टिपावा: सहा महिन्यांची भाकर एकदम साठवणे, टोपल्या विणून त्या पाहुण्यांना देणे, आतल्या डोंगरात थोडे धान्य पेरणे आणि ते तुडवणाऱ्या जनावरांपैकी एकाला हळूच धरून, मी तुम्हाला काही करत नाही तर तुम्ही मला का त्रास देता, असे विचारणे. ५५ व्या प्रकरणातली सूचना तर लिहूनच घ्यावी: प्रत्येकाने आपल्या मनातल्या हालचाली जणू दुसऱ्यांना सांगायच्या आहेत अशा लिहून काढाव्यात, म्हणजे लाजेनेच वाईट विचार आवरतील. वीस वर्षांनी गढीचे दार मोडून लोकांनी पाहिले तेव्हा अँथनींचे शरीर न सुटलेले, न खंगलेले होते, असे वर्णन आहे. पायथागोरसच्या चरित्रातल्या एका वर्णनाशी त्याचे साम्य अभ्यासकांनी दाखवले आहे. अखेरचे दातांचे वर्णन मात्र कोणाकडून उसने घेतल्यासारखे वाटत नाही: एकही पडला नव्हता, पण म्हातारपणामुळे हिरड्यांपर्यंत झिजले होते.

पुस्तकाचा परिणाम समजून घ्यायचा असेल तर ख्रिस्ती विचारवंत ऑगस्टीन यांच्या आत्मकथनाचे आठवे पुस्तक जोडून वाचावे. ३८६ मध्ये मिलानला त्यांना एका पाहुण्याकडून कळते की ट्रिअर शहरात दोन राजसेवकांनी एका झोपडीत हे चरित्र उघडले आणि वाचता वाचता नोकरी सोडली. अंत्युखियाचे इव्हॅग्रियस यांनी केलेले चरित्राचे लॅटिन भाषांतर तोवर पश्चिमेत फिरू लागले होते. मूळ लेखनाला तेव्हा तीस वर्षेही झाली नव्हती.

शेवटी दफनाशी यावे. मृतदेह गुंडाळून घरात ठेवण्याची इजिप्ती चाल अँथनींना नापसंत होती, म्हणून आपले शरीर जमिनीत पुरा आणि जागा कोणाला सांगू नका, असे त्यांनी त्या दोन शिष्यांना बजावले. ती जागा त्या दोघांखेरीज आजवर कोणाला माहीत नाही, असे अथनेशिअस लिहितात. पुढे ५६१ मध्ये अवशेष सापडल्याची नोंद होते, ते अलेक्झांड्रियाला नेले जातात आणि मध्ययुगात फ्रान्समध्ये त्यांच्याभोवती मोठे तीर्थक्षेत्र उभे राहते. या दोन हकीकती आपल्या टिपणात एकाच वाक्यात जोडू नयेत. पहिलीसमोर चरित्राचे ९२ वे प्रकरण लिहावे आणि दुसरीसमोर तिचे शतक.